एकच इसम, तीन स्पेलिंगं

मराठवाड्यातलं पोरगं परदेशी शिकायला निघालं की आधी त्याच्या बापाची चौकशी सुरू होते. पोराचं इंग्रजी, पोराचे गुण, हे सगळं मागाहून. त्यात बापाचं नाव ज्ञानेश्वर असेल तर बघायलाच नको. आधारवर तो डी-एन-वायनं सुरू होतो, पॅनवर जी-वायनं, आणि बँकेच्या पासबुकात कुण्या घाईतल्या कारकुनाच्या मर्जीनं. पोराच्या मेमोवर, म्हणजे गुणपत्रिकेवर, आडनाव आधी, बापाचं नाव शेवटी. परदेशी फॉर्म शेवटचं नाव तेच आडनाव समजतो आणि पोराला पत्र येतं, ‘प्रिय श्री. ज्ञानेश्वर’. बाप हरखून जातो.

यावर उतारा एकच : प्रतिज्ञापत्र. कचेरीबाहेरच्या टायपिस्टला मजकूर तोंडपाठ असतो. ‘वरील तिन्ही नावांचा इसम एकच असून तो मीच आहे.’ इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाला हे स्टॅम्प पेपरवर लिहून द्यावं लागतं.

ट्रान्सक्रिप्टसाठी लातूरचं पोरगं अहमदपूर-लोहामार्गे नांदेडला, विष्णुपुरीतल्या विद्यापीठात येतं. ‘स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ’ हे नाव परदेशी फॉर्मच्या चौकटीत मावता मावत नाही. स्वामीजी पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर. संन्यास घेतला, नाव बदललं, हैदराबादच्या मुक्तिलढ्याचं नेतृत्व केलं. निजामानं त्यांना तुरुंगात टाकलं, पण नावातल्या तफावतीचं प्रतिज्ञापत्र काही मागितलं नसावं. मराठवाडा मुक्त झाला १७ सप्टेंबर १९४८ ला. विद्यापीठही स्थापन झालं १७ सप्टेंबरलाच, १९९४ साली.

शिफारसपत्राची तऱ्हा आणखी न्यारी. सर म्हणतात, ‘तूच लिहून आण बाबा, मी सही मारतो.’ आता आपल्याच तोंडानं आपली स्तुती करायची म्हणजे आमच्याकडच्या पोराला घाम फुटतो. जन्मभर ‘कसा आहेस’ला ‘बरंय की’ एवढंच उत्तर दिलेलं. एका भाच्यानं लिहिलं होतं, ‘विद्यार्थी ठीक आहे, वर्गात येतो.’ खरंतर याहून प्रामाणिक शिफारस मी वाचलेली नाही.

मग त्याच भाच्यानं एजंटाकडून ‘मला हे का शिकायचंय’ सांगणारं निवेदन लिहून आणलं, त्यात त्याला लहानपणापासून जलअभियांत्रिकीची तळमळ होती म्हणे! अरे, एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर पाणी, दहा वाघिणींत. तेव्हा हा पोरगा घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभा होता. हे त्यानं लिहिलंच नाही. म्हणाला, ‘त्यात काय सांगायचं मामा, सगळेच उभे होते.’ मी तेच पहिल्या ओळीत घालायला लावलं.

पैशाचं थोडक्यात सांगतो. जर्मनीला जायचं तर २०२२ च्या नोव्हेंबरपासून आधी कागदपत्रांची एपीएस पडताळणी, शिवाय ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाच्या खर्चाची रक्कम आधीच भरायची; २०२४ च्या सप्टेंबरात ती ११,९०४ युरो झाली. सातबारा तिथं चालत नाही. भाऊजींनी तरी फाईलला जोडलाच, ‘असू द्या, दिसतंय तरी.’

तुमच्या घरात नववी-दहावीतलं लेकरू असेल तर एक करा. शाळेतून बोर्डाचा फॉर्म जाण्याआधी स्वतः जाऊन त्यावरचं एकेक अक्षर वाचा. आणि बापानं लगे हात आपलं आधारही दुरुस्त करून घ्यावं.