पहिला कोण, नि नाव कोणाचं!

अहो, ऐकलंत का? त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम डोनाह्यूचं नाव काढलं की लोक अजून हात जोडतात. फ्री-फॉर्म रेडिओचा जनक म्हणे! माणूस मोठा होता, नाही म्हणत नाही मी. अंगानंही मोठा, दीडशे किलोंच्या वर. 'बिग डॅडी' काय उगाच म्हणायचे? पण तिथल्या केएमपीएक्स या एफएम स्टेशनवर त्याच्याही आधी मध्यरात्री कोण बसायचं? लॅरी मिलर! फेब्रुवारी 1967 पासून. फोक म्हणू नका, रॉक म्हणू नका, मनाला येईल ते लावायचा. फ्री-फॉर्म म्हणजे तरी दुसरं काय? एरवी स्टेशनचा वेळ परभाषेतल्या कार्यक्रमवाल्यांना विकलेला. डोनाह्यू उगवला एप्रिलमध्ये. आता तुम्हीच सांगा, जनक कोण? नि त्या मिलरचं नाव घेतं का कोणी?

तर काय सांगत होते... हं, डोनाह्यू. अहो, हा काही नवखा नव्हता. एएम रेडिओवर तीच तीच टॉप फॉर्टी गाणी वाजवून नाव कमावलेला गडी. बीटल्सचा तो कँडलस्टिक पार्कचा शेवटचा कार्यक्रम, 1966 चा, तोसुद्धा याच्याच कंपनीनं घेतलेला. पण झालं काय, घरी हा नि त्याची रेचेल डोअर्सची पहिली एलपी ऐकत बसलेले. मनात आलं, हे रेडिओवर का लागत नाही? मग बसला एफएम स्टेशनांना फोन लावत. तर केएमपीएक्सचा फोनच कापलेला! तुम्ही-आम्ही नाद सोडला असता. हा मात्र खूश! ज्यांना फोनचं बिल भरता येत नाही, ते नाही कशाला म्हणतील? आहे की नाही डोकं?

आणि पॅनेलवर कोणाला बसवलं, ठाऊक आहे ना? मुलींना! 1967 मध्ये, इंजिनिअरच्या खुर्चीत! डस्टी स्ट्रीट त्यातलीच. पुढे स्वतः डीजे म्हणून गाजली. आता एवढं सगळं छान चाललंय म्हटल्यावर मालकाशी वाजायलाच हवं, नाही का? मार्च 1968 मध्ये भल्या पहाटे तीनला सगळा स्टाफ संपावर. रस्त्यावर ग्रेटफुल डेडवाले वाजवायला हजर! त्याहून कळस म्हणजे मोठमोठ्या बँडनीच कळवलं, आमची गाणी तुमच्या स्टेशनवर लावू नका. मालक लिऑन क्रॉस्बीचा चेहरा काय पडला असेल हो! रॉकचं स्टेशन, नि रॉकवालेच फिरलेले.

पण गंमत पुढेच आहे. क्रांती क्रांती करणारी ही मंडळी संपातून उठून गेली कुठे? मेट्रोमीडियाकडे! चांगली गलेलठ्ठ कंपनी. तिथलं केएसएएन मग सत्तरचं दशकभर गाजलं. डोनाह्यू 1975 मध्ये हार्ट अटॅकनं गेला, जेमतेम शेहेचाळीसचा. आणि 1980 मध्ये त्याच स्टेशनवर कंट्री म्युझिक सुरू झालं. असो, गेलेल्यांबद्दल काय बोलायचं...

बरं, मासिकांचीही तीच कथा. रॉकवर गंभीरपणे पहिलं कोणी लिहिलं विचारा, शंभरातले नव्याण्णव म्हणतील, रोलिंग स्टोन. आणि पॉल विल्यम्स कुठे गेला? सतरा वर्षांचं पोर, स्वार्थमोर कॉलेजात शिकणारं. फेब्रुवारी 1966 मध्ये त्यानं 'क्रॉडॅडी' काढलं, सायक्लोस्टाइल करून! रोलिंग स्टोनचा पहिला अंक त्यानंतर पावणेदोन वर्षांनी, नोव्हेंबर 1967 मध्ये. एकवीस वर्षांचा यान वेनर, साडेसात हजार डॉलर इकडून तिकडून जमवलेले. त्यात होणाऱ्या सासरचेसुद्धा, बरं का! मुखपृष्ठावर जॉन लेनन. आणि वर्गणीदारांना भेट काय, तर गांजाची सिगारेट शेवटपर्यंत ओढताना बोटं भाजू नयेत म्हणून एक चिमटा. आपल्याकडे चहापुडीबरोबर चमचा फुकट मिळतो ना, तसलं!

राल्फ ग्लीसन होता म्हणून निभावलं, हेही खरं. वर्तमानपत्रात जॅझवर लिहिणारा मुरलेला माणूस. त्याचं वजन पाठीशी. पण वेनरचं कसं, की बंड करा, फक्त ऑफिसाबाहेर. लेस्टर बँग्सला 1973 मध्ये दिला की नारळ! का, तर कॅन्ड हीटच्या रेकॉर्डवर बोचरं लिहिलं, कलावंतांचा मान राखला नाही. तो तर आधीपासूनच डेट्रॉइटकडच्या 'क्रीम'मध्ये होता नि तिथे लू रीडशी असा काही भांडला, की मुलाखतीच गाजल्या.

आणि मुख्य राहिलंच की! एलन विलिस. 'न्यू यॉर्कर'ला रॉकवर लिहिणारी पहिली तीच, 1968 पासून. तिलाही रोलिंग स्टोनमध्ये लिहायला बोलावणं होतं. पण 1970 मध्ये तिनं ग्लीसनला पत्रातून साफ सांगितलं, तुमचं मासिक बायकांना पाण्यात पाहतं, मी नाही लिहायची. बडबड्या बायका म्हणून कोणी मनावर घेतलं नसेल...

पण सप्टेंबर 2023 आठवतो ना? वेनरसाहेबांचं मुलाखतींचं पुस्तक आलं, 'द मास्टर्स'. सात जण, सातही गोरे पुरुष! बायका का नाहीत, असं 'न्यू यॉर्क टाइम्स'नं विचारलं, तर म्हणाले, त्या पातळीवर बोलता येणारी कोणी नव्हती. कृष्णवर्णीय कलाकारांबद्दलही तेच. झालं! ज्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या स्थापनेत स्वतः होते, त्याच्याच संचालक मंडळानं दुसऱ्या दिवशी घरी बसवलं. मग माफीबिफी.

एलनबाई 2006 मध्येच गेल्या होत्या, नाहीतर मी म्हटलं असतं, बाई, पेढे वाटा. त्यांचे रॉकवरचे लेखसुद्धा गोळा झाले कधी, तर 2011 मध्ये. लेकीनंच पुस्तक केलं. वेनरसाहेबांना आता वेळ आहे म्हणे. वाचा म्हणावं!