चुलीला चाकं

(एकपात्री प्रयोग. मंचावर एक खुर्ची, तिच्या पाठीवर पांढरा रुमाल. रुमाल खांद्यावर असला की वक्ता, डोक्याला गुंडाळला की जिभाऊ.)

मंडळी, महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा सामूहिक सोहळा कोणता? आषाढी म्हणाल. चूक. 31 मे! 1 जूनला जन्मलेला मास्तर नियमाप्रमाणे 31 मेला निवृत्त होतो, आणि आपल्याकडे एका अख्ख्या पिढीतले मास्तर 1 जूनलाच जन्मले. म्हणजे आईला कळा केव्हाही आल्या असतील, हेडमास्तरांनी रजिस्टर उघडलं जूनमध्ये. तर त्या 31 मेला, चोपड्याच्या उन्हात, डांबर बुटाला धरून ठेवतं अशा दुपारी, अठ्ठावन्न वर्षांच्या गृहस्थाचा सत्कार होतो आणि त्याच्या अंगावर काय घालतात? शाल. गरम शाल. त्याला घाम फुटतो, आणि लोक म्हणतात, सर भावुक झाले.

आता या सरांनी पुढे करायचं काय? माझं म्हणणं साधं आहे, आणि ते मी पुराव्यानिशी मांडणार आहे. त्यांनी फंड घ्यावा, घराला कुलूप लावावं, बाई आणि दोन कुत्री गाडीत घालावीत आणि देश बघत सुटावं. गाडी म्हणजे साधी गाडी नाही; जिच्यात पलंग, ओटा, मोरी, सगळं असतं ती. अमेरिकेत तिला आरव्ही म्हणतात, तिकडची निवृत्त जोडपी घर विकून अशा गाडीत राहतात. आपल्या सरकारनेही 2021 साली कॅरावॅन पर्यटनाचं धोरण काढलं. म्हणजे धोरण तयार आहे, आता फक्त रस्ता हवा. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावरून आलेल्यांनी टाळ्या वाजवू नयेत, तुमच्या मणक्यांची मला काळजी आहे.

(रुमाल डोक्याला.) "काय भो! गाडीमाच न्हानी, गाडीमाच संडास? मंग घर काय ढोरंससाठे बांधेल शे का?"

(रुमाल खांद्यावर.) हे जिभाऊ. प्रत्येक व्याख्यानात पहिल्या रांगेत असतात. पण जिभाऊंनी नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. या विषयाचा पाया संडासच आहे, आणि इथेच आपण अमेरिकेला मागे टाकतो. ऐका. आरव्हीच्या पोटाखाली एक टाकी असते. जे व्हायचं ते सगळं तिच्यात साचतं. हायवेवर माणूस ऐटीत चालवतो, मागे आठवड्याचा इतिहास हिंदकळत असतो. टाकी भरली की ठरलेल्या ठिकाणी जायचं, हातमोजे घालायचे, जाडजूड नळी लावायची, तोंड फिरवायचं आणि सोडायचं. गडगड, गडगड, गडगड! आणि हे टाकायचे बऱ्याच ठिकाणी पैसे द्यावे लागतात. रात्री गाडी उभी करायचे वेगळे. जगातला सगळ्यात श्रीमंत देश, आणि निवृत्त माणूस स्वतःच्याच मालाचं भाडं भरतो आहे!

आता या साक्री-धुळ्याकडे. आपला ठेलारी. मेंढ्या, तट्टू, कुत्री घेऊन पावसाळा संपला की निघतो. तट्टाच्या पाठीवर उलटी खाट, खाटेच्या पायांमध्ये भांडी, भांड्यांशेजारी कोकरू, कोकराशेजारी लेकरू, आणि सगळ्यात वर पाय बांधलेली कोंबडी, नव्या सरपंचासारखी चहूकडे बघत. खाली सावलीला कुत्रं. ही आरव्ही नाही तर काय आहे? तर हा माणूस रात्री शेतकऱ्याच्या वावरात मेंढ्या बसवतो. मेंढ्या रात्रभर आपलं काम करतात. गडगड नाही, हातमोजे नाहीत, नळी नाही. टपटप, टपटप, टपटप! सकाळी शेतकरी येतो, लेंडीखत बघतो, खूश होतो आणि ठेलाऱ्यालाच धान्य नाहीतर पैसे देतो! (थांबून) गोऱ्याला टाकायचे पैसे द्यावे लागतात, आपल्याला टाकायचे पैसे मिळतात. अर्थशास्त्राचं नोबेल साक्री तालुक्याला का मिळालं नाही, याचा विचार स्टॉकहोमने करावा.

(रुमाल डोक्याला.) "मंग सरनी बी वावरमा बसानं का? शेतकरी धान्य दी का?"

(रुमाल खांद्यावर.) जिभाऊ, सरांचं उत्पादन तेवढं नाही.

पण खरा आक्षेप वेगळा आहे. कुणी म्हणेल, ठेलारी हौसेने हिंडत नाही, पोटासाठी हिंडतो. त्याच्या वणवणीला तुम्ही सहल म्हणता? आक्षेप बरोबर आहे, मी तो मान्य करतो. चराई कमी झाली, पडीक राहिलं नाही, कपाशीच्या कडेने दोनशे मेंढ्या न्यायच्या म्हणजे रोज एक भांडण. त्याला कुणी शाल देत नाही. म्हणून मी त्याचं आयुष्य मागत नाही, फक्त त्याचा संसार जवळून बघा म्हणतो. पुरुष मेंढरांमागे जातो. बिऱ्हाड कोण हलवतं? बाई. तट्टू लादते बाई, पुढच्या मुक्कामी उतरवते बाई, पाणी शोधते बाई. आणि माणूस संध्याकाळी पोचतो तेव्हा तीन दगड मांडलेले असतात आणि तवा तापलेला असतो. घर रोज बदलतं, वाट बदलते, गाव बदलतं. ते तीन दगड मात्र रोज मांडावेच लागतात.

आणि इथे माझ्या सरांच्या गाडीत बिघाड निघतो. त्या गाडीत स्टिअरिंग एक आणि ओटा एक. स्टिअरिंगवर कोण बसणार हे विचारायला कमिटी लागत नाही. सर अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. बाईंच्या निवृत्तीचा जीआर कुठे आहे? चोपड्यात त्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या, आता भोपाळजवळ, ताशी साठच्या वेगाने उभ्या आहेत. घराला चाकं लावा, जरूर लावा; पण चुलीला लावू नका. एवढाच माझा मुद्दा.

इतिहास तपासा. जॉन स्टाइनबेक, अमेरिकेतला मोठा लेखक. 1960 साली ट्रकवर खोली बसवून घेतली, डॉन किहोटेच्या घोड्याचं नाव तिला दिलं आणि चार्ली नावाच्या पूडल कुत्र्याला घेऊन देशभर हिंडला, सोळा हजार किलोमीटरच्या आसपास. वय काय? अठ्ठावन्न! आपल्या नियमाप्रमाणे अगदी वेळेवर. त्याचं पुस्तक 1962 साली आलं आणि त्याच वर्षी त्याला नोबेल मिळालं. नोबेल काही कुत्र्यासाठी नव्हतं, पण आमच्या सरांना तेवढं सांगू नका. मात्र बायको? बहुतेक वाट घरीच. म्हणजे तिला चुलीतून सोडवण्याचा त्याचा उपाय काय, तर तिला न्यायचंच नाही. हे उत्तर झालं नाही, ही पळवाट झाली.

त्याच्याही आधी धर्मराज. हस्तिनापूरच्या नोकरीतून निवृत्त, बायको, चार भाऊ आणि एक कुत्रं. वाटेत आधी कोण पडलं? द्रौपदी. भीमाने विचारलं, ही का पडली? धर्मराजाने कारण सांगितलं, अर्जुनाकडे तिचा ओढा जास्त होता म्हणे. कारण सांगितलं, हात दिला नाही, मागे वळूनही पाहिलं नाही. आणि पुढे इंद्राचा रथ आला तेव्हा कुत्र्यासाठी अडून बसला! इथे कीर्तनकार मंडळी हरकत घेतील, की त्याने द्रौपदीसाठी आणि भावांसाठीही विचारणा केली होती. केली होती. पण केव्हा? रथ दारात आल्यावर. बाई डोंगरात पडली तेव्हा गणिताच्या मास्तरासारखं तिचं काय चुकलं ते सांगितलं आणि गाडी आली तेव्हा आठवण झाली, अरे, आपण सहा होतो.

मग वाट दाखवणारा कुणी आहे का? आहे, आपल्या घराघरांत भिंतीवर आहे. दत्तगुरू. चार कुत्री सोबत, एक गाय, कायमचा पत्ता नाही. परंपरा सांगते, स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला, झोप माहूरला. हजारावर किलोमीटरची रोजची फेरी, आणि कुठे टोल भरल्याचा उल्लेख नाही. पण पकडायचं ते हे: सोबत कुत्री आहेत, झोळी आहे, चूल नाही. भिक्षा! हाच खरा नकाशा. आपल्या सारंगखेड्यातही दत्तजयंतीला लोक घोडे घेऊन येतात, तंबू ठोकून मुक्काम करतात. तर सरांनी गाडीतला ओटा काढून टाकावा, त्या जागी कुत्र्यांना झोपायला गोधडी टाकावी आणि बाईंनी खिडकीशी बसावं. भिक्षेला ढाबे आहेत. शिरपूरकडे जा नाहीतर रावेरकडे, सहा किलोमीटरवर शेवभाजी.

(रुमाल डोक्याला.) "रोज शेवभाजी? भो, तर्री देखी का कव्हय? मंग तुना तो संडासना इषय परत ई!"

(रुमाल खांद्यावर.) आक्षेप सबळ आहे. उत्तर: एक दिवस शेवभाजी, एक दिवस सरांनी खिचडी टाकावी. खिचडीला कुकर लागतो, बायको लागत नाही.

राहिला शेवटचा प्रश्न. कुत्री कशाला? राखणीला म्हणाल, तर कुलूप स्वस्त पडतं. कारण दुसरं आहे. तीस-पस्तीस वर्षं हा माणूस वर्गात शिरला की साठ पोरं खडखड उठून उभी राहायची. 1 जूनला सकाळी तो बैठकीत शिरतो. कुणी उठत नाही. मुलगा मोबाइलमध्ये, सून घाईत, नातू त्याच्या पायांतून निघून जातो. हे कुणाचं पाप नाही, ज्याचं त्याचं काम असतं. फक्त कोपऱ्यातलं कुत्रं कान टवकारतं, अंग झटकतं आणि चारही पायांवर उभं राहतं. त्या माणसाला त्या वेळी काय वाटतं, ते त्याला विचारू नका. तो म्हणेल, भूक लागली असेल त्याला. आणि बाई दारातून ते बघत असतात. त्या स्वयंपाकघरात शिरल्यावर तर कधीच कुणी उठलं नव्हतं.

(शांतता. हळूच रुमाल डोक्याला.)

"भो, तू म्हनस ते माले पटनं. मी घर जाईसन घरवालीले बठ्ठं सांगं. गाडी लेसूत, कुत्रा लेसूत, चूल घरच राहू देसूत. ती म्हननी, भलता चांगला इचार शे. चूल घर ठेवानी शे ना, मंग तिन्हाजोडे तुम्ही बसा. मी नि मोत्या जाई येतस. आनि मी मांगे वळीसन बी देखसू नही!"

(प्रकाश मालवतो.)