रा. रा. विलंबशुल्कराव यांना चिखलदऱ्याहून पत्र

रा. रा. विलंबशुल्कराव यांस,
मुक्काम : क्रेडिट कार्डाच्या बिलाचे शेवटचे पान, बारीक अक्षरांची वस्ती

सा. न. वि. वि. पावसाळा लागला की अमरावती-अकोल्याकडची मंडळी परतवाड्याहून घाट चढून आमच्या चिखलदऱ्याला येतात. धुक्यामुळे पंचबोल पॉइंटची दरी दिसत नाही, तरी फोटो निघतात, मक्याची कणसे खाल्ली जातात, खोलीचे भाडे आणि वाटेतले पेट्रोल कार्डावर पडते आणि रविवारी संध्याकाळी गाड्या खाली उतरतात. आपण घाट चढायची तसदी घेत नाही. पुढच्या महिन्यात परस्पर त्यांच्या घरी हजर होता. आपल्या या तत्परतेबद्दल आपला जाहीर गौरव करावा, म्हणून हे पत्र.

मुदतीचा वाद आमच्या गावाला नवा नाही. इथे वैराटला विराटाची नगरी मानतात, कीचकवधानंतर भीमाने हात धुतले ते भीमकुंडही दाखवतात. अज्ञातवासात ओळख पटली तर पुन्हा बारा वर्षे वनवास, ही अटही आपल्याच कुळातली. गोग्रहणाच्या वेळी अर्जुन समोर उभा राहिला तेव्हा मुदत संपायच्या आत सापडला, असे दुर्योधनाचे म्हणणे पडले. भीष्मांनी अधिक मास मोजून मुदत पुरी झाल्याचे सांगितले. आपल्या दरबारात ही भीष्मगिरी रिझर्व्ह बँकेकडे आहे. २१ एप्रिल २०२२ च्या आणि त्या वर्षीच्या १ जुलैपासून लागू झालेल्या तिच्या निर्देशांनुसार, ड्यू डेट उलटून तीन दिवसांहून अधिक काळ खाते थकले तरच आपल्याला येता येते आणि तेव्हाच सिबिलसारख्या संस्थेकडे नाव कळवता येते. म्हणजे ५ तारखेचे बिल ८ तारखेपर्यंत भरले तर आपण दारातूनच परत. ही गोष्ट आपण कुणाला आपणहून सांगत नाही, हा आपला विनय. मात्र ही सवलत शुल्काची आहे, व्याजाची नव्हे, हे वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. आणि चौथा दिवस उजाडला की मोजणी मूळ ड्यू डेटपासूनच होते.

आपल्या बाजूने नेहमी सांगितले जाते की, आपण नसता तर कुणी वेळेवर पैसेच भरले नसते. आपण शिस्त लावता. शिस्तच लावायची तर चार दिवस उशीर करणारा आणि पंचवीस दिवस उशीर करणारा यांना एकच दंड कसा? शिवाय आपले टप्पे पाहावेत. काही कार्डांच्या दरपत्रकात हजाराच्या वर आणि दहा हजारांपर्यंतच्या बाकीला ७५० रुपये असतात, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८८५. ज्याच्याकडे १,००१ रुपये बाकी, त्याला हा दंड जवळजवळ ८८ टक्के पडला. ज्याच्याकडे ६० हजार बाकी, त्याला सर्वात वरच्या टप्प्याचे १,३०० आणि जीएसटी मिळून १,५३४, म्हणजे अडीच टक्क्यांच्या थोडे वर. बँकेचा पैसा जास्त अडकला कुठे आणि मार जास्त बसला कुणाला? जोखमीची भरपाई म्हणावी तर ती व्याजातून आधीच वसूल होते. आपण कर्जावर दंड लावत नाही महाराज, विसरण्यावर लावता. आणि लहान रक्कमच माणूस पटकन विसरतो.

तरीही एका बाबतीत आपल्याला मानले पाहिजे. आपण निदान उघड येता, बिलात आपली स्वतंत्र ओळ असते. आपले धाकटे बंधू किमानराव, म्हणजे लोक ज्यांना मिनिमम ड्यू म्हणतात ते, फार गोड बोलतात. ‘एवढे भरा, साहेब येणार नाहीत,’ असे ते सांगतात, आणि ते खरेही असते. आता वीस हजारांचे बिल घ्या. किमानरावांनी पाच टक्के, म्हणजे हजार रुपये मागितले. भरले. उरलेल्या १९ हजारांवर महिना पावणेचार टक्क्यांनी व्याज झाले सुमारे ७१२, त्यावर जीएसटी १२८. हजार भरून ८४० परत चढले. मुद्दल हलले १६० रुपयांनी. शिवाय पूर्ण बिल न भरल्याने बिनव्याजी दिवस गेले, ते व्याज खरेदीच्या तारखेपासून लागते, आणि नव्या महिन्यातल्या किराण्यावरही पहिल्या दिवसापासून. आपण एकदा येऊन जाता. बंधुराज मुक्कामाला राहतात. लेट फी चुकवल्याच्या समाधानात जे किमान भरत राहतात, त्यांच्यामुळेच आपल्या घराण्याची खरी भरभराट आहे.

‘सही केली होती ना? सगळे छापलेले होते,’ हा आपला हुकमी पत्ता. छापलेले होते, मान्य. कायदाही आपल्या बाजूला आहे. परवानाधारक सावकाराने बिगरशेतकऱ्याला विनातारण कर्ज दिले तर महाराष्ट्रात त्याला वर्षाला १८ टक्क्यांवर जाता येत नाही. पिढ्यान् पिढ्या वऱ्हाडात ज्याच्या नावाने बोटे मोडली, तो सावकार आपल्या घराण्याच्या महिना पावणेचार, म्हणजे वर्षाला ४५ टक्क्यांपुढे अगदीच भाबडा ठरतो. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ७ जुलै २००८ रोजी कार्डावरचे ३० टक्क्यांवरचे व्याज अनुचित ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निकाल रद्द केला. व्याजाचा दर हा रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला विषय ठरला. तेव्हा कोर्ट आपल्याला अडवील, ही आशा आम्ही सोडली आहे. मेळघाटात रेंज नव्हती, ही सबबही आपल्याकडे चालत नाही.

राहिले ते कॅलेंडर, आणि तिथे आपण कच्चे आहात. खात्यातून ऑटो-पे लावावे, पण ‘टोटल ड्यू’वर खूण करून; ‘मिनिमम’वर केली तर किमानरावांना घराची किल्ली दिल्यासारखे होईल. त्या दिवशी खात्यात पैसे हवेत, नाहीतर व्यवहार परतल्याचा दंड वेगळा. पगार ७ तारखेला आणि ड्यू डेट ४ तारखेला असेल तर बिलिंग सायकल बदलून मागावी. निदान एकदा तरी बदलून मिळण्याचा हक्क आहे, त्यासाठी विनवण्या नकोत. घाट चढण्याआधीच बिल भरून टाकले तर वरच्या रेंजचा प्रश्नच उरत नाही. एवढी दगदग कशाला, कार्डच कापून टाका, असे म्हणणारे शहाणे आहेतच. पण पूर्ण बिल वेळेवर भरणाऱ्याला हेच कार्ड महिना-दीड महिना बिनव्याजी पैसे वापरू देते. आपल्या धाकाने त्याने ते का सोडावे? आणि नुसते कापल्याने खाते बंद होत नाही. वार्षिक फी चालू राहिली तर तिचे बिल येते आणि मागोमाग आपण.

खाते रीतसरच बंद करावे लागते. रिझर्व्ह बँकेच्या त्याच निर्देशांत एक कलम आहे, ते आपल्या नजरेतून सुटले असेल म्हणून कळवतो. बाकी शून्य असलेल्या ग्राहकाने कार्ड बंद करण्याचा अर्ज दिला आणि बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत खाते बंद केले नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे. दर दिवसाचे. टप्पे नाहीत.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
एक वेळेवर भरणारा
चिखलदरा, जि. अमरावती