मार्जिनसर

पेपर कशावर आहे हे मार्जिनसर कधी विचारत नाहीत. फायनल इयरचं पोरगं लॅपटॉप उघडून “सर, आम्ही कांदाचाळीत सेन्सर बसवून...” असं सुरू करतं, तोवर सरांचं बोट स्क्रीनच्या डाव्या कडेला टेकलेलं असतं. “हे किती आहे?” पोराला वाटतं, चाळीतली आर्द्रता विचारताहेत. “पासष्ट ते सत्तर टक्के, सर.” “चाळीचं नाही विचारलं. मार्जिन किती आहे?”

एवढ्यावर तुम्हाला तुमच्या कॉलेजातले मार्जिनसर आठवले असतील. पुणे, सांगली, शेगाव, लोणेरे, जिथे इंजिनिअरिंग कॉलेज तिथे ते आहेतच. कुठे असिस्टंट प्रोफेसर, कुठे लॅब असिस्टंट, कुठे पीएच.डी. ‘चालू’ असते, कुठे ती चालू आहे का हे विचारणंही लोकांनी सोडलेलं असतं. पण कॉन्फरन्सची तारीख जवळ आली की एच.ओ.डीं.सकट सगळं डिपार्टमेंट त्यांच्या टेबलाभोवती. शोध ज्याचा त्याने लावावा, तो दोन कॉलमांत बसवून द्यायचा मार्जिनसरांनी.

बसवण्याचे नियम तोंडपाठ. शीर्षक २४ पॉइंट, मजकूर १०, ॲब्स्ट्रॅक्ट ९ आणि तेही ठळक. आकृतीचं नाव आकृतीच्या खाली, तक्त्याचं तक्त्याच्या वर. तक्त्याला रोमन आकडा, आकृतीला साधा. यातलं काही चुकलं तर सर ओरडत नाहीत. चष्मा काढतात, शर्टाच्या टोकाने पुसतात, परत घालतात. चूक अजून तिथेच आहे अशी खात्री झाली की पोराच्या घराण्याबद्दल वाईट वाटल्यासारखं त्याच्याकडे बघतात.

सरांचा खरा जीव मात्र १४.३२ मध्ये अडकलेला. आयट्रिपलई या इंजिनिअरांच्या जागतिक संघटनेच्या परिषदांसाठी ए-फोर कागदाचा जो साचा वर्षानुवर्षं कॉलेजाकॉलेजांतून फिरत आला, त्यात वर १९ मिलिमीटर, खाली ४३ आणि दोन्ही बाजूंना १४.३२ सोडायचे होते. चौदा पूर्णांक बत्तीस शतांश! सामान्य माणूस चौदा म्हणून पुढे गेला असता. सर मेकॅनिकलच्या वर्कशॉपमध्ये गेले आणि व्हर्नियर कॅलिपर घेऊन आले. त्याचा लीस्ट काउंट ०.०२, म्हणजे १४.३२ बरोब्बर वाचता येतं. ते यंत्र याच कामासाठी जन्माला आलं असावं, अशी सरांची प्रामाणिक समजूत आहे. टूलरूमच्या रजिस्टरमध्ये ‘कारण’ या रकान्यात इतर लोक ‘प्रॅक्टिकल’ लिहितात. सरांच्या नावापुढे ‘पेपर’ असतं. स्टोअरकीपरने एकदा विचारलं, “कागदाची जाडी मोजता का?” सर म्हणाले, “छे, रुंदी. आणि तीही मजकूर नसलेल्या भागाची.” स्टोअरकीपरने त्यानंतर काही विचारलं नाही.

प्रिंटआउट येतो, सर तो काचेखाली सरकवतात, जबडे उघडतात, एक डोळा मिटतात. “पंधरा पूर्णांक दहा.” खोलीत शांतता. मग तपास सुरू होतो, आणि गुन्हेगार बहुतेक वेळा प्रिंटरच निघतो: कुणीतरी ‘फिट टू पेज’ ठेवलेलं असतं आणि अख्खं पान अंग चोरून छापलं गेलेलं असतं. दुसरा नेहमीचा आरोपी म्हणजे अमेरिकन लेटर साइज. ए-फोर २१० बाय २९७, लेटर २१६ बाय २७९. सहा मिलिमीटरने रुंद, अठराने बुटकं. हे मात्र सरांना व्हर्नियरशिवाय, दारातूनच कळतं.

पुतणीच्या लग्नाची पत्रिका छापून आली तेव्हा घरचे सगळे बाशिंग बांधलेल्या गणपतीकडे बघत होते. सरांनी खिशातून व्हर्नियर काढला. डावीकडे बारा, उजवीकडे सतरा. भावाला म्हणाले, “मुलाकडच्यांची नावं उजव्या कॉलमात आहेत, त्यांना वाटेल आपण मुद्दाम केलं.” पाचशे पत्रिका तशाच वाटल्या गेल्या. सरांनी आपल्या मित्रांना पत्रिका दिल्या नाहीत, तोंडी आमंत्रण केलं.

आता पोरांचीही बाजू ऐकायला हवी. पण ती फार टिकत नाही. साचा म्हणजे नमुन्याचा मजकूर भरलेली फाइल. तो पुसायचा आणि आपला घालायचा. न पुसल्यास पेपर कदाचित छापला जाणार नाही असं त्या साच्यातच बजावलेलं असतं, आणि तेही पुसलं जात नाही. त्यामुळे कांदाचाळीच्या पेपरात संदर्भ क्रमांक दोन म्हणून साक्षात जेम्स क्लर्क मॅक्सवेल, विद्युत आणि चुंबकत्वावरचा ग्रंथ, १८९२. त्याच्या वर बेसल फंक्शनांच्या इंटिग्रलांवर १९५५ चा एक ब्रिटिश निबंध. आभारांच्या खाली कुणी ‘आर. बी. जी.’ धन्यवाद देतायत. सर विचारतात, “हे आर. बी. जी. कोण, तुमच्या ग्रुपमध्ये आहेत का?” चार पोरं एकमेकांकडे बघतात आणि त्यातलं धीट पोरगं म्हणतं, “सर, ते बहुतेक गाइडचे मित्र.”

हसू नये. एल्सव्हिअर या बड्या प्रकाशनसंस्थेच्या नमुन्यात ‘शास्त्रीय लेख लिहिण्याची कला’ अशा नावाचा एक संदर्भ होता, व्हॅन डर गीर आणि मंडळींचा, साल २०००. असा लेख कधी लिहिलाच गेला नव्हता, ज्या नियतकालिकाचं नाव दिलं होतं तेही अस्तित्वात नव्हतं. संदर्भ कसा लिहावा हे दाखवण्यापुरता तो रचलेला. तरी सुमारे ४०० पेपरांनी त्याचा हवाला दिला, आणि त्यांतले बहुतेक कॉन्फरन्सचे. लायडनचे निवृत्त प्राध्यापक पीटर क्रोनेनबर्ग यांना शंका आली आणि २०१७ मध्ये ॲन-विल हार्झिंग यांनी ही गोष्ट चव्हाट्यावर मांडली. नसलेल्या लेखाला ४०० दाखले! आपल्याकडे बढतीच्या फायलीत चार जमवताना नाकी नऊ येतात.

सरांच्या टेबलावर देवाचा फोटो नाही, पण भक्ती आहे. डोनाल्ड कनूथ. त्यांच्या प्रोग्रॅमिंगवरच्या ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती निघायची होती, १९७७ मध्ये तिची प्रुफं आली आणि गणिताची ती नवी छपाई बघून त्यांना राहवेना. ग्रंथ बाजूला ठेवून त्यांनी अक्षरजुळणीची यंत्रणाच लिहायला घेतली. टेक तिचं नाव. वर्षभराच्या रजेत उरकेल असा अंदाज होता, काम दहाएक वर्षं चाललं. पुढे लेस्ली लॅम्पोर्टनी तिच्यावर लेटेक उभारलं, तेच आज पोरं रात्री दोन वाजता शिव्या देत चालवतात. टेकच्या आवृत्तीचा क्रमांक दर दुरुस्तीला पायच्या एकेका आकड्याने लांबतो. २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. आपल्या पुस्तकांतली चूक दाखवून देणाऱ्याला कनूथ २००८ पर्यंत २.५६ डॉलरचा चेक देत. सर हे सगळं डोळ्यांत पाणी आणून सांगतात. कनूथकडे व्हर्नियर होता का, एवढंच त्यांना कुठे वाचायला मिळालेलं नाही.

डेडलाइनच्या रात्री सरांचं एक गुपित असतं. बऱ्याच परिषदांची मुदत ‘पृथ्वीवर कुठेही’ या हिशेबाने चालते. जगात कुठेतरी अजून ती तारीख उरली आहे तोवर पेपर चालतो. आपल्या घड्याळात ती मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ वाजून २९ मिनिटांनी संपते. सर हे कुणालाही सांगत नाहीत. रात्री बारा वाजता गाइड हताश होऊन घरी जातात, पोरं कँटीनच्या बंद शटरपाशी बसतात, आणि तेव्हा कुठे सर स्टूल पुढे ओढून म्हणतात, “चला, आता शांतपणे बघू.”

या सगळ्यात शास्त्र कुठे आहे, असं विचारणारा एखादा तरुण प्राध्यापक दरवर्षी निघतो. अशाच एकाने एकदा सरांना एमआयटीतल्या तीन विद्यार्थ्यांची गोष्ट ऐकवली. २००५ मध्ये त्यांनी एक प्रोग्रॅम लिहिला, जो बटण दाबताच संगणकशास्त्राचा पेपर तयार करी: आलेख, आकृत्या, संदर्भ, सगळं साग्रसंगीत, आणि अर्थ शून्य. त्यातला एक पेपर एका परिषदेने स्वीकारला. पुढे २०१४ मध्ये अशाच यंत्रनिर्मित बडबडीचे १२० हून अधिक पेपर स्प्रिंगर या प्रकाशनसंस्थेला आणि आयट्रिपलईला आपल्या संग्रहांतून काढून टाकावे लागले. “म्हणजे बघा सर, नुसत्या फॉरमॅटवर पेपर पास होतो!” सरांनी तो एमआयटीचा पेपर मागवून घेतला, छापला, मोजला. “पण आकृत्यांची नावं खालीच आहेत हो,” ते म्हणाले.

तरुण प्राध्यापक हा किस्सा स्टाफरूममध्ये अजून सांगतो. तो एक गोष्ट सांगत नाही, कारण ती त्याच्याच पेपरची आहे.

पेपरवर नावं पाच होती, गाइड म्हणून त्याचंही. पोरांनी आपापला तुकडा लिहिलेला, गाइडनी पहिलं पान चाळलेलं, एच.ओ.डीं.नी स्वतःच्या नावाचं स्पेलिंग तपासलेलं. रेव्ह्यूअरचा अभिप्राय दोन ओळींचा: विषय चांगला, इंग्रजी सुधारा. तो पेपर पहिल्या शब्दापासून शेवटच्या संदर्भापर्यंत एकाच माणसाने वाचला. तक्त्यातले दशांशबिंदू एकाखाली एक आणताना सर थबकले. ॲब्स्ट्रॅक्टमध्ये अचूकता ९८.७ टक्के, तक्त्यात ९७.८. कोणतं खरं? पोरांनी गाइडकडे पाहिलं. गाइड म्हणाले, मोठं ठेवा. सर म्हणाले, “दोन ठिकाणी दोन आकडे साच्यात बसत नाहीत. प्रोग्रॅम पुन्हा चालवा.” चालवला. ९१.४ आला. सरांनी दोन्हीकडे ९१.४ टाकेपर्यंत पीडीएफ सोडली नाही. गाइड आठवडाभर बोलले नाहीत. प्रामाणिकपणा, संशोधनाची नीतिमत्ता असले शब्द सरांनी त्या वेळीही काढले नाहीत, नंतरही नाहीत. साच्यात बसत नव्हतं, एवढंच.

पोरांनाही हे कळतं, उशिरा का होईना. म्हणून शेवटी आभारांत ती सरांचं नाव घालतात. पेपर सहा पानांचा, सातव्या पानाचे पैसे वेगळे. आभाराच्या दोन ओळी आल्या की संदर्भांची शेपटी सातव्या पानावर जाते. पोरं म्हणतात, सर, फॉन्ट अर्धा पॉइंट कमी करू, कुणाला कळणार आहे? नाहीतर लेटेकमध्ये उणे जागेची कमांड टाकून आकृती वर खेचू. सर त्यांच्याकडे, ती पाकीट मारताना सापडल्यासारखं बघतात. मग स्वतःच कर्सर नेऊन आपल्या नावाच्या दोन ओळी सिलेक्ट करतात आणि डिलीट दाबतात. सहा पानं, शेवटचे दोन कॉलम एका उंचीचे. इतक्या वर्षांत सरांच्या हाताखालून गेलेल्या कुठल्याच पेपरात त्यांचं नाव नाही. बढतीच्या मुलाखतीत ‘आपली प्रकाशनं किती?’ या प्रश्नाला ते काय उत्तर देतात, हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही.

कांदाचाळीचा पेपर परिषदेकडून परत आला. गाइडनी दुसरी परिषद शोधली. तिचे पेपर स्प्रिंगर छापणार होती. म्हणजे एकच कॉलम, पानं वाढलेली, संदर्भांची पद्धत निराळी, सगळं पहिल्यापासून. पोरं रडकुंडीला आली. सर खुलले. मजकुराचा चौकोन १२२ बाय १९३ मिलिमीटर. वर्कशॉपचा व्हर्नियर दीडशेपर्यंतच उघडतो. तीनशेचा एक आहे, पण तो कुलपात, आणि एच.ओ.डीं.च्या सहीच्या अर्जाशिवाय मिळत नाही. सरांनी अर्ज टाइप केला, मार्जिन मोजलं, सही घेतली, पाठवला. स्टोअरने तो त्याच दिवशी परत केला. शेरा होता: अर्ज विहित नमुन्यात नाही.