बागायती की कोरडवाहू?

चाखणी-भोजन हा पाच-सहा वाइन ठरलेल्या क्रमाने, घोट-दोन घोट ओतून, त्यांच्याविषयी बोलत आणि मधूनमधून जेवत पार पाडायचा दुपारचा कार्यक्रम होय. त्यात बोलणे सर्वांत जास्त, जेवण त्याखालोखाल आणि वाइन सर्वांत कमी असते. परभणी जिल्ह्यातून अशा भोजनाला जायचे, तर वाइनरसिकांची मंडळे जिथे भरतात त्या नाशिकची वाट धरावी लागते. भोजन दक्षिण आफ्रिकेच्या पांढऱ्या वाइनचे असले तरी प्रवास नाशिक रोडपर्यंतच असतो. केपटाऊनपासूनचा उरलेला प्रवास बाटली करते आणि त्याचे भाडे जेवणारा भरतो.

या प्रवासाला तपोवन एक्स्प्रेस सोयीची. मानवत रोड, सेलू, परतूर, जालना, छत्रपती संभाजीनगर, मनमाड असा तिचा मार्ग. निजामाच्या काळात हा फाटा ‘हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे’ म्हणून ओळखला जाई. खिडकीतून गोदावरी शोधणाऱ्याची मात्र या नावाने बरीच निराशा होते. चाखणीच्या शास्त्राप्रमाणे पाहुण्याने आदल्या रात्रीपासून तिखट, लसूण आणि अत्तर वर्ज्य करावे. परभणीकर अत्तर वर्ज्य करतो. बाकीच्या दोन गोष्टी धपाट्यांबरोबर डब्यात असतात आणि डबा सेलूच्या आतच उघडतो. समोरच्या बाकावरच्या अनोळखी कुटुंबाला अर्धा डबा गेला, की प्रवासाला रीतसर सुरुवात झाली असे समजावे.

जालना मागे पडले की डब्यातले बोलणे पाण्यावर येते, आणि हा विषय वाइनला सोडून नाही. गोदावरी त्र्यंबकला उगम पावते, नाशिकजवळ गंगापूर धरणात अडते, पुढे पैठणला जायकवाडीत अडते आणि मग पाथरी-गंगाखेडकडे येते. जायकवाडीची पायाभरणी 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली. तिचा डावा कालवा 208 किलोमीटरचा, म्हणजे परभणी जिल्ह्यापर्यंत पोचणारा. पाणी पोचण्याचे वेळापत्रक वेगळे असते. जायकवाडीत 65 टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडावे, हे सूत्र मेंढेगिरी समितीने 2013 मध्ये सांगितले. तेव्हापासून पावसाळा कमी झाला की दर ऑक्टोबरात नाशिक आणि मराठवाडा एकमेकांची धरणे टक्क्यांत मोजतात. त्यामुळे गंगापूर धरणाच्या काठावर द्राक्षांचे मांडव दिसू लागले की इतर पाहुणे ‘वा, काय देखावा’ म्हणतात आणि परभणीकर म्हणतो, ‘हे आपलंच पाणी हाय.’ नाशिकची वाइन म्हणजे मराठवाड्याच्या वाट्याचे पाणी बाटलीत भरून ठेवलेले, अशी त्याची भूमिका असते. कायद्यात ती बसत नाही. पण बाटलीचा भाव ऐकल्यावर वरच्या धरणातून काही सोडवून घेणे किती अवघड असते, याचा अनुभव मात्र जुळतो.

कायद्याची दुसरी बाजू परवान्याची आहे. महाराष्ट्रात मद्य प्यायचे तर मुंबई प्रांताच्या 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवाना लागतो: एका दिवसाचा, एका वर्षाचा किंवा आजीवन. परवाना मिळतो तो प्रकृतिस्वास्थ्य राखण्यासाठी. म्हणजे मंडळाच्या टेबलाभोवती बसलेली सर्व माणसे कागदोपत्री तब्येतीच्या कारणाने आलेली असतात आणि तशी दिसतातही. दक्षिण आफ्रिकेच्या वाइनवर सीमाशुल्क दीडशे टक्के. 2021 च्या अर्थसंकल्पापासून त्यातले पन्नास टक्के मूळ शुल्क आणि शंभर टक्के ‘कृषी पायाभूत सुविधा उपकर’ अशी विभागणी आहे. केपची वाइन पिणारा दर घोटाला भारतीय शेतीच्या पायाभूत सुविधांना हातभार लावतो, ही गोष्ट शेतकऱ्याच्या मुलाने घरी सांगायला उपयोगी आहे. घरी ती कोणी मान्य करील असे नाही.

दक्षिण आफ्रिकेची द्राक्षशेती डच ईस्ट इंडिया कंपनीची. यान व्हान रीबेक 1652 मध्ये केपला उतरला तो पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजांसाठी भाजीपाला पिकवायला. खलाशांच्या हिरड्या सुजून दात पडत, त्यावर ताजा पाला आणि वाइन हे उपाय मानले जात. 2 फेब्रुवारी 1659 रोजी केपच्या द्राक्षांची पहिली वाइन निघाल्याची नोंद त्याने रोजनिशीत केली. प्रकृतिस्वास्थ्याचे कारण मुंबई प्रांताच्या आधी तिकडे सुचले होते, असे यावरून दिसते. तिथली मुख्य पांढरी जात चेनिन ब्लाँ. ती मूळची फ्रान्सच्या लॉयर खोऱ्यातली, पण आज फ्रान्सपेक्षा दक्षिण आफ्रिकेत तिची लागवड जास्त. केपचे शेतकरी तिला पिढ्यान् पिढ्या ‘स्टीन’ म्हणत. 1960 च्या दशकात स्टेलेनबॉश विद्यापीठाच्या प्रा. ऑर्फर यांनी पाने जुळवून स्टीन आणि चेनिन एकच असल्याचे दाखवले. नावातल्या दुरुस्तीला तीनशे वर्षे लागली, हे ऐकून बाकीचे पाहुणे चकित होतात. ज्याने वारसनोंदीसाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, तो चकित होत नाही.

चेनिन नाशिकलाही नवी नाही. सुला विनयार्ड्सने 1990 च्या दशकात चेनिन आणि सॉव्हिन्यॉ ब्लाँ लावल्या आणि 2000 मध्ये पहिली वाइन बाजारात आणली. गंमत तोडणीच्या वेळेची आहे. केपमध्ये वेल थंडीत झोपतो आणि तिकडचा उन्हाळा सरता सरता, फेब्रुवारी-मार्चला, तोडणी होते. नाशिकला वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी अशी त्याची वर्षातून दोनदा हजामत करावी लागते आणि तोडणी जानेवारी ते मार्च. फेब्रुवारीत चाखणी-भोजन ठेवले तर दोन्ही गोलार्धांतला द्राक्षशेतकरी नेमका बागेत अडकलेला असतो आणि द्राक्षांवर बोलायला ज्यांनी कधी काडी तोडली नाही असेच लोक उरतात. मंडळे बहुधा फेब्रुवारीतच भोजन ठेवतात, हवा छान असते म्हणून.

भोजनाचा क्रम हलक्याकडून जडाकडे आणि कोरड्याकडून गोडाकडे. पांढरी वाइन आठ ते बारा अंशांवर थंड करून देतात. पेला दांड्याला धरायचा, फिरवायचा, हुंगायचा, घोट तोंडात खेळवायचा आणि समोरच्या भांड्यात थुंकायचा. या शेवटच्या पायरीवर मुंबईचे पाहुणे अडखळतात. निजामाच्या मुलखातल्या माणसाला पिकदाणी नवी नाही. फक्त भाव विचारल्यानंतर थुंकणे त्याच्याच्याने होत नाही.

पहिली सॉव्हिन्यॉ ब्लाँ. तिला ढोबळी मिरचीचा आणि नुकत्या कापलेल्या गवताचा वास येतो, असे चाखणीचा निवेदक सांगतो. हा वास पायराझिन नावाच्या द्रव्यांचा असतो आणि द्राक्षे फार पिकू दिली की तो जातो. परभणीकर हुंगून ‘घास’ म्हणतो. घास म्हणजे जनावरांचा हिरवा चारा. निवेदकाला वाटते तो जेवणाविषयी विचारतो आहे. दुसरी शार्दने, ओकच्या पिंपात ठेवलेली. तिच्यावर सर्वांत जास्त बोलले जाते, म्हणून इथे थोडक्यात आवरते घेणे बरे.

तिसरी वाइन केपच्या स्वार्टलँड भागातली चेनिन. तिला पिकत्या सफरचंदाचा, मधाचा आणि वयपरत्वे भिजलेल्या लोकरीचा वास येतो. लोकर हा शब्द कानावर पडताच पाहुणे पेल्याकडे संशयाने बघतात; आषाढात घोंगडी पांघरून शेतातल्या आखाड्यावर राखण केलेल्या माणसाला तो वास तत्काळ ओळखू येतो. इथे परभणीकर प्रश्न विचारतो, आणि या भोजनाच्या वर्णनात त्या प्रश्नाला जागा द्यायलाच हवी: ‘साहेब, ही बागायती हाय का कोरडवाहू?’

टेबलावर हसू पिकते. निवेदक हसत नाही, कारण केपच्या जाणकारांचा पहिला प्रश्न हाच असतो. स्वार्टलँडमधल्या जुन्या चेनिनच्या कित्येक बागा कोरडवाहू आहेत. मांडव नाही, तारा नाहीत, ठिबक नाही. झुडपासारखा बुटका वेल हिवाळ्यातल्या पावसाची ओल धरून उन्हाळा काढतो. उतारा कमी, फळ बारीक, पण चव घट्ट. पस्तीस वर्षे वा त्याहून जुन्या बागांच्या कित्येक बाटल्यांवर लागवडीचे साल लिहिलेला शिक्का असतो, सातबाऱ्यावरच्या पीकपाहणीच्या नोंदीसारखा. 2018 मध्ये केपटाऊनवर नळ बंद करण्याची पाळी आली होती. माणशी रोज पन्नास लिटरची मर्यादा होती आणि शेतीच्या पाण्यात मोठी कपात झाली होती. हे कळल्यावर परभणीकर पेला दांड्याऐवजी पोटाला धरतो, वाइन कोमट होते, आणि तो पुढचा प्रश्न विचारतो: तिकडच्या धरणाचा टक्का किती होता? थेवाटर्सक्लूफ धरण बारा टक्क्यांच्या आसपास उतरले होते, असे उत्तर मिळते. मग त्या दिवशी टेबलावर वाइनवर बोलणे होत नाही.

जेवणाची जोडणी हे अशा भोजनाचे शास्त्रीय अंग. सॉव्हिन्यॉबरोबर बकरीच्या दुधाचे चीज, शार्दनेबरोबर लोण्यातली मासळी, असा रिवाज. परभणीच्या ताटाला तो लावला तर काही निष्कर्ष निघतात. अंबाडीच्या भाजीपुढे मिळमिळीत वाइन पाण्यासारखी लागते. चेनिनला स्वतःची आंबटाई असल्यामुळे ती टिकते. ठेच्याबरोबर जास्त अल्कोहोलची वाइन घेतली तर तिखट अधिक चढते, थोड्या गोडसर चेनिनने ते उतरते. येसर आमटीला कोणतीच पांढरी वाइन पुरी पडत नाही आणि तशी अपेक्षाही करू नये. हुरड्याचा प्रयोग करायला हरकत नाही, पण हुरडा शेकोटीवरून थेट हातात यायला हवा आणि ज्या सभागृहात चाखणी होते तिथे शेकोटी पेटवू देत नाहीत.

शेवटी गोड वाइन, कॉन्स्टँशियाची. सिमॉन व्हान डर स्टेलने 1685 मध्ये वसवलेल्या या मळ्याची मस्कत द्राक्षांची वाइन सेंट हेलेना बेटावर कैदेत असलेल्या नेपोलियनसाठी जात असे. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण इथे हमखास निघते आणि गोड पांढऱ्या वाइनच्या बाबतीत निदान जर्मनीचा दावा टिकतो. नेपोलियनच्या घोटापाठोपाठ बडीशेप मागू नये, असा संकेत आहे. तो पाळला जात नाही.

भोजन संपल्यावर प्रत्येकाला गुणपत्रिका देतात: रंग, वास, चव, एकूण परिणाम, वीसपैकी गुण. बहुतेक पाहुणे चौदा आणि सोळा यांच्या मध्ये कुठेतरी सही करतात. परभणीकर गुण न देता पैसेवारी लावतो. पन्नास पैशांच्या आत पैसेवारी आली तर गावाला दुष्काळी सवलती मिळतात, वर गेली तर काही मिळत नाही, हे त्याला पाठ असते. म्हणून सॉव्हिन्यॉला पंचेचाळीस, शार्दनेला चाळीस, आणि ज्या स्वार्टलँडच्या कोरडवाहू चेनिनचा पेला त्याने तिसऱ्यांदा भरून घेतला, तिला एकोणपन्नास. खाली शेरा: ‘नजरअंदाज. सुधारित पैसेवारी पुन्हा पाहणी केल्यानंतर.’ मंडळाचे चिटणीस बेरीज करायला बसतात तेव्हा वीसपैकी एकोणपन्नास कुठल्या रकान्यात धरायचे, यावर कार्यकारिणीची बैठक बोलावली जाते.