प्लशपंत

प्लशपंतांच्या घरात बसायला जागा नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. सोफा आहे. त्यावर ताकाशी मुराकामी या जपानी चित्रकाराचं साठ सेंटिमीटरचं, मधोमध तोंडभर हसणारं फूल बसलेलं असतं. त्याला टेकून व्हर्डी या जपानी डिझायनरचा विक, म्हणजे अर्धा पांडा आणि अर्धा ससा. पाहुण्यांनी सतरंजीवर बसावं. प्लशपंत स्वतःही सतरंजीवरच बसतात, तेव्हा पंक्तिप्रपंच नाही.

प्लश म्हणजे मऊ, लुसलुशीत खेळणं. नाव अर्थात आम्ही ठेवलेलं, आणि ते त्यांच्या पाठीमागेच वापरायचं. पुण्यात जपानी शिकून, एकेक परीक्षा देत टोकियोत सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागलेली जी मराठी मंडळी निशी-कासाईत राहतात, त्यांतले ते एक. ऑफिसात अत्यंत हिशेबी माणूस. कोथिंबीर कुठल्या दुकानात वीस येन स्वस्त मिळते, हे त्यांनाच विचारावं. पण निशी-कासाईहून निघालेली तोझाई लाइन थेट नाकानोला जाते, गाडी बदलावी लागत नाही, आणि तिथेच घात झाला. नाकानोला ब्रॉडवे नावाची १९६६ सालची इमारत आहे. १९८० साली तिथे मांदाराके हे जुन्या मांगा कॉमिक्सचं दुकान निघालं, आणि हळूहळू सगळी इमारतच जगभरच्या संग्राहकांची झाली. मुराकामीचं दुकानही तिथेच. तोझाई लाइन टोकियोकरांच्या सोयीसाठी टाकली, असा एक समज आहे. प्लशपंतांना तो मान्य नाही.

त्यांच्याकडे गेल्यावर "किती गोड टेडी!" असं म्हणू नये. चेहरा पडतो. "बाहुली" म्हटलंत तर चहा उशिरा येतो. मग ते समजावून सांगतात, की मुराकामी हा पारंपरिक जपानी चित्रकलेतला डॉक्टरेट आहे. २००० साली त्यानं 'सुपरफ्लॅट' ही कल्पना मांडली. देवळातल्या पडद्यावरचं चित्र आणि कार्टून यांत वरचं-खालचं काही नाही, सगळं एकाच सपाटीवर. तेव्हा सोफ्यावर आहे ते चित्रच.

"पण मग त्यात कापूस का भरलाय?" असं आमच्यातल्या एकानं विचारलं होतं. त्याला पुन्हा बोलावलेलं नाही.

हाराजुकू या टोकियोतल्या फॅशनच्या भागाचा विषय निघाला, की त्यांचा आवाज खाली येतो. मुख्य रस्त्यामागच्या गल्ल्यांत १९९३ साली निगो आणि जुन ताकाहाशी या दोन तरुणांनी 'नोव्हेअर' नावाचं दुकान काढलं. निगोच्या 'बेदिंग एप' या ब्रँडचे शर्ट आठवड्याला तीस-पन्नासच निघायचे, आणि त्यांतले निम्मे तो मित्रांना वाटून टाकायचा. लक्ष्मी रोडवरचा दुकानदार माल संपला की खजील होतो, "उद्या या" म्हणतो. या गल्लीत माल संपणं हाच धंदा झाला. १९९९ साली कॉज या अमेरिकन चित्रकाराचं पहिलं खेळणं निघालं तेही इथल्याच बाउंटी हंटर या दुकानानं काढलं, आणि नग फक्त पाचशे. पाचशे हा आकडा प्लशपंत ज्या भक्तिभावानं उच्चारतात, तसा त्यांनी मुलीच्या जन्माचा दिवसही कधी उच्चारलेला नाही.

मुलगी लहान आहे आणि तिची बाजू कोणी ऐकत नाही. युनिक्लोनं २०१८ साली मुराकामी आणि डोरेमॉन एकत्र आणून एक प्लश काढलं. ते कपाटात वरच्या फळीवर पारदर्शक पेटीत आहे. डोरेमॉन म्हणजे मुलांचं खेळणं, हा मुद्दा तिनं शक्य त्या तिन्ही भाषांत मांडून पाहिला. तिला रविवारी तो लांबून बघायला मिळतो. कपाटाच्या खोलीचा पडदा दिवसभर ओढलेला, कारण उन्हानं रंग उडतो. जूनमधला पाऊस लागला, की प्रत्येक फळीवर सिलिका जेलच्या पुड्या. हात लावायचाच झाला, तर धुऊन, पुसून आणि फक्त पाठीकडून.

मागच्या वर्षी त्यांची आई आली होती. दोन दिवस तिनं हे सगळं निमूट पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आमच्या सासूबाईंचं सोवळं परवडलं रे. ते दुपारची जेवणं झाली की सुटायचं तरी."

पुढचा प्रसंग आम्हाला वहिनींनी सांगितला, प्लशपंतांना तो अजून सांगता येत नाही. ते ऑफिसात असताना आईंनी विकच्या कानाजवळचा कागदी टॅग कात्रीनं कापला. दुकानदार काढायला विसरला असणार, आणि पोरीच्या गालाला टोचलं म्हणजे? आता, या जगात टॅग म्हणजे जीव. मेरुकारीवर जुन्या वस्तू विकल्या जातात तिथे 'नवं, न वापरलेलं' आणि 'जवळजवळ न वापरलेलं' अशा दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि आईंनी एका कात्रीत विकला एक पायरी खाली आणलं. प्लशपंत ओरडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, टॅग कुठल्या कचऱ्यात टाकला. टोकियोत कचरा वेगवेगळा करावा लागतो, आणि आईंनी सून सांगेल तसं शिकून, कागद म्हणून तो जळणाऱ्या कचऱ्यात टाकला होता. घंटागाडी यायच्या आत तो सापडला. भाजीच्या देठांसकट. टॅगला आता स्वतंत्र पेटी आहे.

हे सगळं 'गुंतवणूक' म्हणून चालतं. वहिनींनी विषय काढला, की प्लशपंत निगोचा दाखला देतात: त्यानं कॉजकडून एक चित्र करून घेतलं, आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये हाँगकाँगला सदबीजच्या लिलावात ते साडेअकरा कोटी हाँगकाँग डॉलरच्या वर गेलं!

"गेलं म्हणजे त्यानं विकलं," वहिनी म्हणतात. "तू आजवर काय विकलंस?"

काही नाही. रोज सकाळी दात घासताना ते भाव बघतात, कुठलं किती चढलं ते तोंडपाठ असतं, पण या घरातून एकही नग बाहेर गेलेला नाही आणि जाणारही नाही. त्यांना लोभी म्हणणारे चुकतात, असं माझं मत आहे. जपानात ऑफिसला निघालेली मोठी माणसं बॅगेला मऊ ससे लटकवून फिरतात, कोणी वळून बघत नाही. आपल्याकडे पस्तिशीच्या पुरुषाला "मला हे मऊ, हसरं काहीतरी फार आवडतं" असं म्हणायची सोय नाही. "याची किंमत तिप्पट होणार आहे" म्हणायची आहे. म्हणून ते किंमत सांगतात. व्हर्डीनं 'गर्ल्स डोन्ट क्राय' हा ब्रँड बायकोसाठी सुरू केला, हेही ते मोठ्या कौतुकानं सांगतात. त्या ब्रँडच्या खरेदीचं क्रेडिट कार्डाचं बिल आलं त्या महिन्यात वहिनी रडल्या, हा तपशील मात्र वगळतात.

चिडतात ते एकाच गोष्टीवर. २०२५ मध्ये पुण्याहून फोनांवर फोन आले, "येताना दोन लाबुबू आण." लाबुबू हे दात विचकणारं खेळणं हाँगकाँगच्या कासिंग लुंगचं आणि विकणारी कंपनी चिनी, जपानशी त्याचा संबंध नाही, असं त्यांनी मावसभावाला अर्धा तास समजावलं. भाऊ शांतपणे म्हणाला, "बरं, मग जपानी आण. पण दातवाला."

हाराजुकू स्टेशनच्या एका बाजूला या दुकानांच्या गल्ल्या आहेत आणि दुसऱ्या बाजूला मेइजी देवस्थान. दर शरद ऋतूत लोक आपल्या जुन्या बाहुल्या तिथे घेऊन येतात, त्यांचे आभार मानून निरोप देतात. प्लशपंत त्या दिवसांत स्टेशनच्या त्या बाजूनं बाहेर पडत नाहीत.

आता एक सूचना, विशेषतः सुट्टीत जपान बघायला निघालेल्यांना. हल्ली बहुतेक नवं प्लश सोडतीनं मिळतं. आधी नाव नोंदवायचं, मग निकालाची मेल येते, आणि नियम एका माणसाला एकाच नगाचा. प्लशपंतांच्या घरचे सगळे नोंदवून झालेत, आई परत गेल्यापासून त्यांना माणसं कमी पडतात. ते स्वभावानं अगत्यशील आहेत; विमानतळावर घ्यायला येतील, पोहे करून घालतील, आणि पोहे संपायच्या आत तुमचा पासपोर्ट मागतील. फुजी पर्वत बघायचा असेल, तर यायची तारीख त्यांना कळू देऊ नका.