आमच्या घरचा गणवेश

वेळापुरात नवा शर्ट घालून घराबाहेर पडायचं तर तोंडी परीक्षेची तयारी करूनच निघावं लागतं. पानाच्या टपरीपर्यंत पोचेस्तोवर "कुठनं घेतला?", "केवढ्याला?" आणि "रेडिमेड का शिवलेला?" हे प्रश्न अनिवार्य, आणि "काय, पुन्हा लगीन ठरलं का?" हा ऐच्छिक. अकलूजला घेतला म्हटलं तर "सोलापुरात निम्म्यात पडला असता." सोलापुरात घेतला म्हटलं तर "एश्टीचं भाडं धरलं का त्यात?" उत्तर कुठलंही द्या, समोरचा दोन बोटांच्या चिमटीत बाही धरतो, कापड चोळून बघतो आणि गंभीरपणे मान हलवतो. कपडा अंगात तुमच्या असला तरी तो मालकीनं गावाचा असतो.

माझ्या कपड्यांना मात्र कुणी हात लावून बघत नाही. लांबूनच ओळखतात. त्याला कारण आक्का.

आक्का माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. यजमान गेल्यावर ती शिवणयंत्र घेऊन माहेरी आली आणि सोप्यात दाराच्या उजेडाला तिनं ते मांडलं, ते आजतागायत तिथंच आहे. पायाचं 'उषा'. त्याच्या खणात काय नाही? खडूचे झिजून नखाएवढे राहिलेले तुकडे, बॉबिनी, हुकांचं कार्ड, मेणाचा गोळा, दोन चष्मे (एक सुई ओवायचा, एक माणसं बघायचा) आणि डालड्याच्या जुन्या डब्यात भरलेली बटणं. या डब्यात माझ्या वडिलांच्या लग्नातल्या कोटाचं बटण आहे आणि माझ्या पहिलीतल्या चड्डीचंही. कोट आणि चड्डी दोन्ही गेले. बटणं सेवेत आहेत.

यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली शिवणयंत्राला मात्र सूट दिली होती, सिंगरचं यंत्र ही जगातल्या मोजक्या उपयोगी वस्तूंपैकी एक आहे असं त्यांचं मत होतं, हे मी एकदा आक्काला सांगितलं. "शाना माणूस," एवढं म्हणून तिनं पायटा मारला. शाळेत मास्तर असल्यामुळे मला अशी माहिती पुरवायची खोड आहे, आणि आक्काला ती दोऱ्यासारखी तोडून टाकायची.

आमच्या लहानपणी दिवाळीला घरात कपडे यायचे नाहीत, तागा यायचा. त्यातून आधी वडिलांचा शर्ट, मग काकांचा, मग आम्हा भावंडांचे उतरत्या क्रमानं, बहिणीचे फ्रॉक, आणि उरलेल्यात उशांचे अभ्रे. लक्ष्मीपूजनाला सगळे ओळीनं बसलो की कोण कुठं संपतं आणि उशी कुठं सुरू होते ते कळायचं नाही. त्या काळी हा प्रकार घरोघर होता, त्यामुळे कुणी कुणाला हसत नसे. फार तर "पाटलांचा तागा औंदा बरा दिसतोय" एवढीच चर्चा.

खरा घोटाळा पुढं झाला. सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते. ती आठवावीच. तिला आणि तिथल्या टॉवेलला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण गिरण्यांचे भोंगे थंडावल्यावर या शहरानं आणखी एक धंदा धरला, तो शाळेच्या गणवेशांचा. आज कुठल्या कुठल्या राज्यांतली पोरं सोलापुरात शिवलेले शर्ट घालून प्रार्थनेला उभी राहतात. आमचा एक चुलतभाऊ अशाच एका कारखान्यात कटिंगला लागला आणि पहिल्याच सुट्टीत आक्काला भेट म्हणून एक पोतं घेऊन आला. पोत्यात कतरण.

कटिंगला कापडाचे थरावर थर लावतात आणि यंत्रानं एकदम कापतात. मधून जे निघतं ते वाया. म्हणजे कारखान्याच्या हिशोबानं वाया. आक्कानं पोतं सोप्यात पालथं केलं आणि एकेक तुकडा उचलून त्याची जात सांगायला लागली. हा गळ्याचा. हा मुंढ्याचा. हा कॉलरच्या टोकातला. हा बग खिशाचा, कुणीतरी चुकून जास्तीचा कापलाय, पोराचं नुकसान झालं आसंल. प्रत्येक आकाराचे शंभर-शंभर, सगळे अगदी सारखे. निळ्या चौकड्या, तपकिरी चौकड्या, खाकी, राखाडी, आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांना फार आवडणारा तो तांबड्यावर काळ्या रेघांचा. आक्काच्या चेहऱ्यावर तेव्हा जे तेज आलं, ते मी नंतर फक्त वाखरीच्या रिंगणात पाहिलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात झाकण्यासारखी एकही वस्तू उघडी नाही. टीव्हीला निळी चौकडी, मिक्सरला खाकी, फ्रिजच्या मुठीला राखाडी, गॅसच्या टाकीला झालर लावलेला तांबडा फ्रॉक. रिमोटला कव्हर आहे आणि कव्हरला खिसा आहे. खिशात काय ठेवायचं, ते अजून ठरलेलं नाही. पाहुणे आत आले की बसायच्या आधी क्षणभर सावधान उभे राहतात, असं बायको म्हणते.

आणि माझे रुमाल. एकदा वर्गात घाम पुसायला रुमाल काढला तर पहिल्या बाकावरचा पोरगा उठून म्हणाला, "सर, ही तर आमच्या मामाच्या पोराच्या शाळेची चौकडी." ही बातमी मधल्या सुट्टीपर्यंत मुख्याध्यापकांच्या खोलीत. त्यांनी मला बोलावून घेतलं, चहा मागवला आणि दार लोटून अतिशय जपून विचारलं, "सर, तुम्ही दुसरीकडं कुठं अर्ज केलाय का?"

आक्काला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग आपल्या शाळंचं कापड आन की. मी काय न्हाय म्हनते का?"

तिच्या मते नटणं-मुरडणं म्हणजे रंग नाही, फॅशन तर नाहीच. तिच्या मते खिसा. माणसाची ऐट त्याच्या खिशावरून कळते. आमचे आजोबा बंडीला आतून चोरखिसा लावून घ्यायचे. त्यात उसाच्या बिलाचे पैसे आणि वर चंची. चंचीला कप्पे, पानाचा, सुपारीचा, तंबाखूचा, आणि चुन्याची डबी वेगळी. चौकात बसून आजोबा चंचीची गुंडाळी सोडायला लागले की आजूबाजूची चार माणसं बोलायची थांबायची. बायकांच्या नऊवारीला खिसा नाही, म्हणून कनवटीला पैसे आणि कमरेला बटवा. हा आक्काला इतिहासातला सगळ्यात मोठा अन्याय वाटतो आणि ती तो एकटीनं भरून काढते आहे. बायकोच्या परकराला खिसा आहे. पोरीच्या पंजाबी ड्रेसला दोन्हीकडं आहेत. वाकळीलासुद्धा उशाच्या बाजूला एक खिसा शिवलाय, बॅटरी आणि चष्म्यासाठी. वीज गेली की आम्ही अंथरुणातच चाचपतो.

वाकळीचं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. ती अंगणात शिवली जाते. खाली जुनं धोतर पसरायचं, त्यावर लुगड्यांचे थर, वर ठिगळांची मांडणी, आणि आळीतल्या बायका चारी कडांना सुया घेऊन बसतात. धावदोरा कडेकडेनं आत सरकत जातो आणि त्याच्याबरोबर गावातल्या सगळ्या बातम्याही. आमच्या जुन्या वाकळीत आजीचं इरकल आहे, काठाशी अजून तांबूस. एका कोपऱ्यात माझं झबलं आहे. थंडीत ती पांघरली की कुणाच्या अंगाखाली कोण, हे आक्का बोट ठेवून सांगते. नव्या वाकळीत सगळी शाळाच आहे. तिच्याखाली मला गाढ झोप लागत नाही. घंटा होईल असं वाटत राहतं.

कागदाचं खातंही आक्काकडंच. दिवाळीच्या आधी ती पातेल्यात खळ शिजवते. मैदा गार पाण्यात कालवायचा, गाठी मोडायच्या, मंद आचेवर पारदर्शक होईस्तोवर ढवळायचा आणि शेवटी चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. मोरचूद विषारी, म्हणून ते पातेलं वेगळं, त्याला पोचा पाडून खूण केलेली. तरीही पोरं लहान असताना एक पाहुणे त्याला बासुंदी समजून वाटी घेऊन बसले होते. वेळेत अडवलं. कंदिलाला कामट्या घरच्या, पतंगाचा कागद माळशिरसचा. झिरमिळ्या कापायच्या तर कागदाची लांब घडी घालून कात्री शेवटच्या बोटभर अंतराच्या आधी थांबवावी लागते. आक्काची कात्री तिथं न बघता थांबते. माझी थांबत नाही, म्हणून मला फक्त खळ लावायचं काम. भाऊबीजेपर्यंत माझी बोटं जांभळी असतात आणि वर्गात त्याचीही चौकशी होते.

तिच्या कलेचा कळस म्हणजे माझ्या पुतणीच्या लग्नातलं रुखवत. रुखवतात काय काय असतं ते मराठी वाचकाला सांगायला नको. क्रेप कागदाचे गुलाब, मोत्यांचा मोर, सुपारीचे नवरा-नवरी. आक्कानं ठरवलं की आपण देऊळच करायचं. गावात यादवांच्या काळातलं अर्धनारी नटेश्वराचं दगडी मंदिर असताना दुसऱ्या कुणाचं करायचं? साखरेच्या चौकोनी वड्या एकावर एक रचून देऊळ उभं राहिलं. आमचा भाग उसाचा, साखरेला तोटा नाही. मुंग्यांनाही नाही, म्हणून देवळाच्या टेबलाच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या.

पण आत देव हवा. सुपारी एकच आणि कपडे दोन. निम्म्या अंगाला धोतर, निम्म्याला नऊवारी. मी म्हटलं, "महादेव म्हणजे व्याघ्रचर्म पाहिजे." आक्का म्हणाली, "वाघाचं कातडं कुठल्या शाळंला आसतं का? धोतरच नेसवायचं." मग बोटभर सुपारीपुढं ती दोन रात्री बसली. उजवीकडं पांढरं मलमल, डावीकडं हिरवा खण, मधोमध उभी टीप. सुपारी पालथी करून तिनं पाठीमागची बाजू बघितली आणि तोंडभर हसली. धोतरालाही काष्टा, नऊवारीलाही काष्टा. "मागनं दोघं एकच हायती. पुढनंच काय ती भांडनं." लग्नात वराकडच्या एका मामांनी ते बराच वेळ वाकून पाहिलं आणि विचारलं, "नवरा-नवरी एकातच उरकलेत का?"

कतरणीची पोती अशी येत राहिली आणि मला काळजी वाटायला लागली. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागदाची संस्था आहे, तिथं सुती चिंध्यांचा लगदा करून कागद बनवतात; पूर्वी जुन्नरचे कागदी कारागीरही कागद करायचे आणि तो पेशव्यांच्या दफ्तरात जायचा, हे मी आक्काला समजावून सांगितलं. पोतं पुण्याला रवाना व्हावं हा आतला हेतू. आक्काला कल्पना भलतीच पटली. चिंधीचा कागद, कागदाची वही, वही पुन्हा शाळेत. "मग इतकी वर्सं बोलला का न्हाईस?" मग मलाच सांगणं भाग पडलं, की गणवेशाचं कापड असतं टेरिकॉट. त्यात पॉलिस्टर. सुताचा धागा पाण्यात कुटला की त्याचा लगदा होतो, पॉलिस्टरचा होत नाही.

आक्का थोडा वेळ गप्प बसली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "म्हंजी शाळंतलं कायबी कागदावर उतरत न्हाई."

आषाढात माउलींची पालखी खुडूसचं रिंगण आटपून वेळापूरला मुक्कामाला येते. आळंदीपासून चालत आलेल्या पायांना आणि पिशव्यांना इथवर येईपर्यंत भोकं पडलेली असतात. गावात कुणी चपला शिवून देतं, कुणी पाय चोळून देतं, कुणी पिठलं-भाकरी वाढतं. आक्का यंत्र ओट्यावर ओढायला लावते. "नामदेव म्हाराजांचं काम हाय," म्हणते आणि रात्री उशिरापर्यंत पायटा चालू. पिशवीचे बंद, सदऱ्याचे खिसे, धोतराची फाटं. फुकट. ठिगळाला कापड अर्थातच पोत्यातलं. दुसऱ्या दिवशी दिंड्या भंडीशेगावच्या वाटेला लागतात तेव्हा पांढऱ्या धोतरांच्या रांगेत मधूनच निळी चौकडी, खाकी, तांबडा. ऐन हरिनामात पटसंख्या वाढल्यासारखी वाटते.

गेल्या वारीत हिंगोलीकडचे एक म्हातारबाबा ओट्याशी येऊन उभे राहिले. आदल्या वर्षीचे गिऱ्हाईक. पिशवीतून प्लॅस्टिकची घडी काढली, घडीतून एक तांबड्या चौकडीचं ठिगळ. स्वच्छ धुतलेलं, भोवती बोटभर पांढरी दशी लोंबणारी.

"माय, धोतर गेलं. हे काही जाईना. फेकवंना झालं. याला एक धोतर लावून द्या."

आक्कानं माणसं बघायचा चष्मा काढला, सुई ओवायचा लावला. ठिगळ उलटं केलं, स्वतःची टीप नखानं ओढून पाहिली. समाधान झालं असावं.

"बापू," तिनं मला हाक मारली, "तुझं लग्नातलं धोतर कुठं हाय रं?"

मी काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "कपाटात, खालच्या खणात. आणते."